कुणाच्या अंगावर उडालं?

आमच्या विभागाच्या हजेरीपटावर मामांचं नाव सगळ्यात खाली असायचं. वर विभागप्रमुख मॅडम, मग व्याख्याते, मग आम्ही टेक्निशियन आणि तळाला प्रयोगशाळा परिचर म्हणून मामा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला तो सूक्ष्मजीवशास्त्र विभाग. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डीएमएलटी ही लॅब टेक्निशियनची पदविका करून मी तिथे लागले, तेव्हा मामा पन्नाशीला टेकले होते. सरकारी दवाखान्यात चतुर्थ श्रेणीतला पुरुष म्हणजे मामा आणि बाई म्हणजे मावशी, ही रीतच आहे. त्यामुळे त्यांचं खरं नाव विभागात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मलाही ते पगारपत्रकावरच पहिल्यांदा दिसलं.

जंतू ओळखायला मला मॅडमनी शिकवलं, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन. पण उभा जन्म थुंकी, रक्त आणि लघवीच्या बाटल्यांत घालवूनही माझी फुप्फुसं आणि यकृत शाबूत आहेत, ते मामांमुळे. हे कौतुकाने नाही, हिशेबाने म्हणते.

तेव्हा पिपेट तोंडाने ओढायचे. टायफॉइडच्या विडाल चाचणीसाठी सीरम मोजायचं असो की सलाईन, काचेच्या पिपेटच्या वरच्या टोकाला ओठ लावायचे, खुणेपर्यंत ओढायचं आणि जीभ लागायच्या आत बोट दाबायचं. टायफॉइडच्या रुग्णाचं सीरम आणि आपलं तोंड यांच्यामध्ये कापसाचा एक बोळा, तो मामा रोज सकाळी तारेने प्रत्येक पिपेटच्या तोंडात सारून ठेवायचे. मी नवी असताना त्यांनी माझ्यापुढे एक रबरी फुगा ठेवला.

“ताई, तोंडानं वडायचं ते सरबत. हितं ह्यो वापरा.”

फुग्याने माप नीट साधत नाही, वेळ जातो, अशी सीनियर मंडळींची कुरकुर असायची. खोटी नव्हती ती. पहिले काही दिवस माझंही माप हुकायचं आणि हसणारे हसायचे. नंतर सवय झाली. दट्ट्याचं पिपेट जर्मनीत मारबुर्गच्या हाइनरिश श्निट्गर यांनी 1957 सालीच बनवलं होतं आणि ते स्वतः क्षयाच्या आजारातून उठलेले होते, हे मी फार उशिरा वाचलं. आमच्या बेंचवर ते पिपेट यायला तीसेक वर्षं लागली. इंडेंट, मंजुरी, निधी, पुढचं आर्थिक वर्ष. तोवर मामांचा फुगा होता.

मामांचं खरं राज्य म्हणजे मीडिया रूम, जंतू वाढवायची माध्यमं बनवायची खोली. क्षयाचे जंतू वाढवायला लागणारं एलजे मीडियम अंड्यांपासून बनतं. मामा टोपलीभर अंडी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून ओळीने मांडत आणि एका हाताने टिचकन फोडून फ्लास्कमध्ये सोडत. मग मॅलाकाइट ग्रीन पडलं की त्या पिवळ्या बलकाचा हिरवागार रस्सा होई. बाटल्यांत भरून, तिरक्या ठेवून ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर तो थिजवायचा. या कामात त्यांना बोललेलं चालत नसे. अंड्याच्या कवचाचा एक कण आत गेला तरी ती बाटली ते बाजूला काढत.

तीच शिस्त हायपोची. सोडियम हायपोक्लोराइट म्हणायला दवाखान्यात कुणाला वेळ नसतो, सगळे हायपो म्हणतात. स्टोअरमधून पाच टक्क्यांचा कॅन यायचा. मामा रोज सकाळी एक भाग हायपो आणि चार भाग पाणी असं मोजून वापरलेल्या स्लाइड टाकायचे डिस्कार्ड जार भरत आणि जारवर चिकटपट्टी लावून तारीख लिहीत. कालचा हायपो आज ओतून द्यायचा, कितीही स्वच्छ दिसला तरी. उघड्यावर, उजेडात त्यातला क्लोरिन उडून जातो आणि उरतं ते फक्त वास येणारं पाणी. पुढे मोठमोठ्या लॅबमध्ये मी आठवडाभर न बदललेले जार पाहिले आहेत. त्यात टाकलेल्या स्लाइडवरचे जंतू मजेत असणार.

सिंकखाली त्यांची एक निळी बादली असायची. तिच्यात रबरी हातमोजे, जाड मास्क, कापूस, जुनी वर्तमानपत्रं, लांब चिमटा, पत्र्याची सुपली आणि काचा टाकायला बिस्किटांचा रिकामा डबा. आता हेच सामान लाल पिशवीत सील करून ‘स्पिल किट’ म्हणून मिळतं. एका बड्या रुग्णालयात मी ते भिंतीवर टांगलेलं पाहिलं. सील कधी तुटलेलं नव्हतं आणि आतल्या मोज्यांची मुदत केव्हाच संपून गेली होती.

एका दुपारी टीबी सेक्शनमध्ये थुंकीचे नमुने सेंट्रिफ्यूजवर लावलेले होते. थुंकीत तेवढंच चार टक्क्यांचं सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, ती पातळ झाली की तीन हजार फेऱ्यांवर पंधरा मिनिटं फिरवायची, म्हणजे जंतू तळाशी बसतात. बाकीची घाण मरते, क्षयाचे जंतू पुष्कळसे जिवंत राहतात, म्हणून तर ही पद्धत. फिरता फिरता यंत्राचा सूर बदलला. आधी खट्, मग खडखडाट. आत काच फुटली होती. नुकताच लागलेला एक टेक्निशियन झाकण उघडायला धावला. आवाज आला की उघडून बघावंसं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. जुन्या सेंट्रिफ्यूजना आपोआप लागणारं कुलूपही नसे.

“झाकनाला हात लावू नगा!” मामा दारातूनच ओरडले. इतक्या मोठ्याने त्यांना बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांनी आधी यंत्राचं बटण बंद केलं, मग डोक्यावरचा पंखा. पंख्याचं मला एरवी सुचलं नसतं. मग आम्हा प्रत्येकाच्या तोंडाकडे, हाताकडे, बाह्यांकडे बघत विचारलं, “कुनाच्या अंगावर उडालं? डोळ्यात? तोंडात? कुनाला काच लागली?” कुणालाच नव्हतं. तरी ॲप्रन तिथेच काढायला लावले, हात साबणाने धुवायला लावले, आम्हाला बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. खडूने दारावर लिहिलं: आत जाऊ नये. खाली वेळ. आणि दाराशी स्टूल टाकून स्वतः बसले.

मॅडम तरातरा आल्या. त्या काही वाईट नव्हत्या, पण त्या महिन्याची ही तिसरी-चौथी मोडतोड असावी. “काय फुटलं? कुणी लावल्या होत्या ट्यूब?”

“मॅडम, मान्सं समदी भाईर हायती. बाकीचं अर्ध्या तासानं बघू.”

मॅडम गप्प झाल्या. परिचराने विभागप्रमुखांना थांबा म्हणणं त्या काळी सोपं नव्हतं. त्या थांबल्या, हेही मी त्यांच्या खात्यावर लिहून ठेवलं आहे.

अर्धा तास कशाला, हे आता पाठ्यपुस्तकात असतं. फुटलेल्या ट्यूबमधून डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात, ते हवेत तरंगतात, श्वासातून थेट फुप्फुसात जातात. ते खाली बसेपर्यंत त्या खोलीत कुणी असता कामा नये. वारा घालणं तर सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या रॉबर्ट पाइक यांनी 1976 साली प्रयोगशाळेत काम करताना लागण झालेल्या 3921 जणांचा आढावा छापला. त्यातल्या एक पंचमांशाहूनही कमी लागणींमागे कुणाला ठाऊक असलेला अपघात होता. बाकीच्यांना काही सांडल्याचं, फुटल्याचं, टोचल्याचं आठवत नव्हतं. हा आकडा मी वाचला तेव्हा मला मामांचं ते स्टूल आठवलं. सांडलेलं दिसतं, म्हणून माणूस पुसायला धावतो. लागण करतं ते बहुधा न दिसणारं असतं.

अर्ध्या तासाहून बराच वेळ गेल्यावर मामा आत गेले आणि मला काचेतून बघायला सांगितलं. दोन मोजे एकावर एक, गाऊन, मास्क. आज त्या कामाला एन-95 लागतो. तेव्हा तसलं काही नव्हतं, जाड कापडी मास्कच होता. झाकण हळूच उचललं. आतल्या ओल्यावर कापूस पसरला आणि कापसावर पाच टक्क्यांचं फिनॉल ओतलं, कडेकडेने आत, मध्यावर शेवटी. मध्ये धार धरली तर घाण बाहेर पसरते. हायपो इथे चालणार नाही, तो धातू खातो, हेही दारातून ओरडून सांगितलं. मग पुन्हा थांबणं. हे दुसरं थांबणं लोकांना जड जातं. औषध ओतलं की झालं असं वाटतं, पण जंतू मरायला वेळ लागतोच. शेवटी काचा चिमट्याने एकेक उचलून डब्यात. मोजे असले तरी काचेला बोट नाही. सगळं ऑटोक्लेव्हला, 121 अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली. बाहेर येऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि चहा मागवला.

त्या चहावर मी त्यांना विचारलं, हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी? त्यांनी थेट उत्तर दिलं नाही. मीडिया रूममध्ये बाटल्या धुता धुता, बऱ्याच दिवसांनी, एकदाच सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्या एका दवाखान्यात रोजंदारीवर होते. सीरमची बाटली हातातून सुटली. साहेब धावत आले आणि विचारलं, कुणी फोडली? मामांनी घाबरून काचा उघड्या हाताने गोळा केल्या. अंगठ्यापाशी कापलं, ते मूठ वळून लपवलं. बाटलीचे पैसे पगारातून गेले. पुढे काही महिन्यांनी कावीळ झाली, डोळे हळदुले झाले आणि ते गावी जाऊन झाडपाला खात पडून राहिले. ती कावीळ त्याच बाटलीतून आली की आणखी कुठून, कोण सांगणार? हिपॅटायटिस बी शरीरात शिरल्यापासून दिसायला दीड ते सहा महिने घेतो, तेवढ्यात माणूस जखम विसरून जातो. मामा विसरले नव्हते. “रजिष्टरात बाटली लिवली,” ते म्हणाले, “माजा अंगठा न्हाई लिवला.”

आणि खरंच, सरकारी प्रयोगशाळेत फुटलेल्या काचेचं ब्रेकेज रजिस्टर असतं. फुटलेल्या चंबूची किंमत पैशापर्यंत लिहिलेली असते. टोचलेल्या, कापलेल्या, अंगावर उडालेल्या माणसाची वही आमच्याकडे नव्हती. सेंट्रिफ्यूजनंतर मी मॅडमना म्हटलं, अशी एक वही ठेवूया. त्या म्हणाल्या, मामांना विचारून रकाने आखा. मामांनी सांगितलेले रकाने असे: कोण, कुठे लागलं, कशानं, किती वाजता, धुतलं का, डॉक्टरला दाखवलं का. ‘कुणाची चूक’ हा रकाना नव्हता आणि एका अधीक्षकांनी तो घालायला सांगितला तेव्हा मॅडमनी ऐकलं नाही. पहिल्या वर्षात वही भरभरा भरली. वरच्यांना वाटलं, विभागात निष्काळजीपणा वाढला. वाढलं होतं ते सांगणं.

कुणी केलं, या एका प्रश्नाने केवढं नुकसान होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या मुंबईचंच आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली आणि पुढे ती परळच्या प्रयोगशाळेत तयार होऊ लागली. 1902 साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन पदावरून गेले. बाटली उघडताना तिथल्या माणसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे मागाहून पुढे आलं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, तरी त्यांचं नाव निर्दोष व्हायला 1907 उजाडलं. पडलेल्या चिमट्याबद्दल त्या दिवशी कुणाला मोकळेपणाने बोलता आलं असतं तर, असं मला वाटत राहतं. परळच्या संस्थेला 1925 पासून हाफकिन यांचंच नाव आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे बायोसेफ्टी कॅबिनेट, म्हणजे जंतूंचं काम आत करायची पंख्याची पेटी, आलं. कंपनीचा इंजिनियर समजावत होता, सगळे माना डोलावत होते. मामांनी मागून विचारलं, “ह्याच्यात सांडलं तर ह्ये बंद करायचं का?” इंजिनियर म्हणाला, नाही, पंखा चालूच ठेवायचा, तो हवा आत ओढून गाळतो. बंद केलं तर उलट ती तुमच्या तोंडावर येईल. मामांना हे पचायला दोन दिवस लागले. मग त्यांनीच प्रत्येक नव्या रेसिडेंटला सांगायला सुरुवात केली: छताचा पंखा बंद, पेटीचा चालू. मला वाटतं, त्या इंजिनियरच्या भाषणातला तेवढाच भाग कुणाच्या लक्षात राहिला.

1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेकने हिपॅटायटिस बीची देशी लस आणली आणि लस सामान्यांच्या आवाक्यात आली. त्याआधी परदेशी लस एवढी महाग होती की डॉक्टरसुद्धा टोचून घ्यायला कांकूं करत. आमच्या विभागात सगळ्यांना तीन डोस मिळाले: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. मामांची तपासणी केली तेव्हा आजार होऊन गेल्याच्या खुणा रक्तात सापडल्या. त्यांना लस लागणारच नव्हती. “फुकाट मिळाली व्हती मला आदीच,” म्हणाले. पुढे ते निवृत्त झाले आणि गावी शेतीत रमले. काही वर्षांपूर्वी वारले.

त्यांच्या ऋणाचा काही भाग मला फेडता आला तो एका खाजगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये. संध्याकाळी कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना सफाईच्या मावशींना सुई टोचली. सुया खरं तर न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. ही कुणीतरी पिशवीत टाकलेली. सुपरवायझर म्हणाला, “हात कशाला घातला आत? ग्लोव्हज कुठे आहेत?” मावशींनी बोट पदराखाली नेलं आणि आतल्या आत दाबत उभ्या राहिल्या. मी मध्ये गेले. “मावशी, कुठे टोचलं, दाखवा मला. काही होत नाही, दाखवा.”

नळाखाली साबणाने भरपूर धुतलं. दाबायचं नाही, पिळून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही; स्पिरिट किंवा डेटॉलही नाही, त्याने जखम जास्त चिघळते. डोळ्यात उडालं असतं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवत राहावं लागलं असतं. वेळ लिहिली. सुई कुणाची, कळायला मार्ग नव्हता. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर हजारात साधारण तिघांना लागण होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीचा धोका मात्र शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. लोक एचआयव्हीच्या नावाने हादरतात आणि दुसऱ्याचं विसरतात. मावशी कंत्राटी कामगार; त्यांना लस दिलीच नव्हती. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत, 72 तासांनंतर उपयोग नाही, म्हणून मी त्यांना घेऊन तडक ड्यूटी डॉक्टरांकडे गेले. गोळ्या 28 दिवस चालल्या. हिपॅटायटिससाठी लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं महागडं इंजेक्शन लागलं आणि ते कंत्राटदाराने द्यायचं की रुग्णालयाने, यावर रात्री नऊपर्यंत वाद चालला. शेवटी रुग्णालयाने दिलं. मावशींच्या सगळ्या तपासण्या, अगदी सहा महिन्यांची शेवटचीसुद्धा, निर्दोष आल्या.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी मावशी माझ्याकडे आल्या. त्यांना कधीतरी टोचलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्यासाठी औषधांची वेळ टळून गेली होती. निदान तपासणी आणि लस झाली.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या चालकावर बंधनकारक आहे. ‘प्रत्येकाला’ म्हणजे कंत्राटावर झाडू मारणाऱ्या मावशीलाही. तुम्ही लॅब चालवत असाल तर उद्या सकाळी हजेरीपट घ्या, तो खालून वर वाचायला लागा आणि एकेकाला विचारा, तीन डोस झाले का. तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी कामाला जात असेल, तर त्यांनाही आज रात्री जेवताना हेच विचारा.